सात हजार तीनशे अकरा माणसे

१३ ऑक्टोबर २०१४ रोजी अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात, मायामीच्या उत्तरेला असलेल्या सनराइज या उपनगरात फ्लोरिडा पँथर्स या व्यावसायिक आइस हॉकी संघाचा ओटावा संघाशी सामना झाला. सुमारे एकोणीस हजार आसनांच्या त्या बंदिस्त स्टेडियममध्ये त्या रात्रीची अधिकृत उपस्थिती ७,३११ अशी नोंदवली गेली. संघाच्या इतिहासातील तो तोवरचा नीचांक होता. दुसऱ्या दिवशी त्याची यथेच्छ टिंगल झाली, रिकाम्या रांगांची छायाचित्रे सर्वत्र फिरली आणि हा संघ आता लवकरच दुसऱ्या शहरात जाणार, असे भाकीत पुन्हा एकदा केले गेले. दहा वर्षांनंतर, २४ जून २०२४ रोजी, त्याच स्टेडियममध्ये याच संघाने स्टॅनले चषक, म्हणजे या लीगचे विजेतेपद, उचलला आणि पुढच्या वर्षी तो राखलाही.

मी जळगाव जिल्ह्यात सहकारी संस्थांच्या लेखापरीक्षणाचे काम करतो. आइस हॉकीचा आणि माझा संबंध एवढाच, की माझा एक भाचा त्या भागात नोकरीला आहे आणि त्याच्यामुळे मला या खेळाची गोडी लागली. तिकडचे रात्रीचे सामने आपल्याकडे पहाटे साडेचार-साडेपाचला सुरू होतात. उन्हाळ्यात जळगावचा पारा पंचेचाळीसच्या आसपास असताना पहाटेची ती दोन-अडीच तासांची वेळच काय ती सुसह्य असते, त्यामुळे हा व्यवहार मला फायद्याचा ठरला. अमळनेरकडच्या एका मित्राला मी हे सांगितले तेव्हा त्याचा पहिला प्रश्न होता, "तठे बरफ कथाईन उना रे भो?" (तिथे बर्फ कुठून आला रे भाऊ?) प्रश्न रास्त आहे. काँक्रीटच्या फरशीखाली नळ्यांचे जाळे असते, त्यातून अतिथंड द्रव खेळवला जातो आणि वर पाण्याचे पातळ थर देत देत जेमतेम इंचभर जाडीचा बर्फ तयार केला जातो. बाहेर दमट उकाडा असला तरी आत कानटोपी घालून बसावे लागते.

मात्र मला या संघात रस वाटण्याचे खरे कारण बर्फ नसून तो ७,३११ हा आकडा आहे. त्या संघाने २०१४ च्या आधीच्या काळात स्टेडियम भरलेले दिसावे म्हणून फुकट आणि नाममात्र दराची तिकिटे सढळ हाताने वाटली होती. विन्सेंट व्हायोला या गुंतवणूकदाराने २०१३ मध्ये संघ विकत घेतल्यानंतर नव्या व्यवस्थापनाने ही खिरापत बंद केली, आणि खरोखर किती लोक पैसे मोजून येतात हे पहिल्यांदाच उघड्यावर आले. आमच्या क्षेत्रात थकलेल्या कर्जदाराला नवे कर्ज देऊन जुने खाते बेबाक दाखवण्याच्या प्रकाराला 'नवे-जुने करणे' असे म्हणतात. नवे-जुने चालू असेपर्यंत संस्थेला 'अ' वर्ग मिळत राहतो, संचालक मंडळ हारतुरे स्वीकारत राहते, आणि ज्या वर्षी एखादा नवा व्यवस्थापक ते थांबवतो त्या वर्षी थकबाकी एकदम फुगलेली दिसते व सगळे खापर त्याच बिचाऱ्यावर फुटते. पँथर्सच्या बाबतीत नेमके हेच घडले. टिंगल झालेला तो आकडा ही त्या संघाच्या पुस्तकातील अनेक वर्षांतील पहिली खरी नोंद होती, आणि माझ्या मते संघाचे सावरणे तिथून सुरू झाले. चषक फार नंतर आला.

हा संघ १९९३ साली सुरू झाला आणि अवघ्या तिसऱ्या हंगामात, १९९६ मध्ये, अंतिम फेरीत पोहोचला. त्या हंगामाच्या आरंभी स्कॉट मेलनबी या खेळाडूने ड्रेसिंग रूममध्ये शिरलेला उंदीर आपल्या काठीने मारला आणि त्याच रात्री दोन गोल केले. तेव्हापासून प्रेक्षक आनंदाच्या प्रसंगी बर्फावर प्लास्टिकचे उंदीर फेकतात, आणि आजही फेकतात. सातपैकी चार सामने जिंकण्याच्या त्या अंतिम मालिकेत कोलोरॅडोने त्यांना ४-० असे धुतले. त्यानंतर जे सुरू झाले ते कंटाळवाणे आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. १९९६ नंतर २०२२ पर्यंत या संघाने प्लेऑफमधील, म्हणजे साखळी सामन्यांनंतरच्या बाद फेऱ्यांमधील, एकही मालिका जिंकली नाही, आणि २००० नंतर २०१२ पर्यंत तर तो प्लेऑफपर्यंतही पोहोचला नाही. या काळात मालक बदलले, प्रशिक्षक बदलले, व्यवस्थापक बदलले. २००६ मध्ये रोबेर्तो लुओंगो हा अव्वल गोलरक्षक व्हँकुव्हरला देऊन त्याच्या बदल्यात प्रामुख्याने टॉड बर्टुझी या नावाजलेल्या खेळाडूला आणले गेले, आणि तो फ्लोरिडासाठी केवळ सात सामने खेळला.

इथे या लीगचा एक नियम समजून घ्यावा लागतो. उत्तर अमेरिकेच्या नॅशनल हॉकी लीगमध्ये तळाशी राहणाऱ्या संघाला दंड होत नाही, उलट दिलासा मिळतो. दरवर्षी होणाऱ्या ड्राफ्टमध्ये अठरा वर्षांच्या आसपासच्या सर्वोत्तम मुलांची निवड करण्याचा अग्रक्रम साधारणपणे तळाच्या संघांकडे जातो, आणि सोडतीमुळे त्यात थोडी उलथापालथ होते. शिवाय २००५ पासून प्रत्येक संघाच्या एकूण पगारावर कडक मर्यादा आहे. ती त्या पहिल्या हंगामात ३.९ कोटी डॉलर होती आणि २०२४-२५ मध्ये ८.८ कोटी डॉलर झाली. म्हणजे श्रीमंत मालकाला हवे तेवढे तारे विकत घेऊन सुटका करून घेता येत नाही. या नियमांमुळे असा समज पसरला आहे की, काही वर्षे मनसोक्त हरावे, दोन-तीन हिरे पदरात पाडून घ्यावेत आणि मग आपोआप वर यावे. या समजाला आधार नाही असे नाही, कारण १९९८ मध्ये दिवाळखोरीत गेलेल्या पिट्सबर्ग पेंग्विन्सला २००५ च्या सोडतीत सिडनी क्रॉस्बी मिळाला आणि २००९ मध्ये चषक मिळाला. पण त्याच पिट्सबर्गमध्ये मारिओ लेम्यू या महान खेळाडूने आपल्या थकलेल्या कोट्यवधी डॉलरच्या पगाराचे भागभांडवलात रूपांतर करून १९९९ मध्ये संघच ताब्यात घेतला होता, हे सांगायचे राहून जाते. सर्वात मोठा धनकोच मालक होऊन बसल्यावर संस्थेचा कारभार कसा बदलतो, यावर एक स्वतंत्र लेख होऊ शकेल.

फ्लोरिडालाही ड्राफ्टमध्ये चांगली मुले मिळाली होती. २०११ मध्ये तिसऱ्या क्रमांकावर जोनाथन ह्युबर्डो, २०१३ मध्ये दुसऱ्या क्रमांकावर फिनलंडचा अलेक्झांडर बार्कोव्ह आणि २०१४ मध्ये पहिल्या क्रमांकावर एरन एकब्लाड आला. तरीही पुढची सात-आठ वर्षे हाती काही लागले नाही. बफेलो सेबर्स या संघाची अवस्था तर आणखी बोलकी आहे. २०१४ मध्ये सॅम राइनहार्ट, २०१५ मध्ये जॅक आयकेल, २०१८ मध्ये रासमुस डालीन आणि २०२१ मध्ये ओवेन पॉवर असे पहिल्या-दुसऱ्या क्रमांकाचे खेळाडू घेऊनही बफेलो २०२५ पर्यंत सलग चौदा हंगाम प्लेऑफबाहेर राहिला, आणि हा लीगचा विक्रम आहे. हरण्याने भांडवल मिळते, पण ते वापरायचे कसे हे हरण्याने कळत नाही.

ते कसे वापरू नये, याचा धडा फ्लोरिडानेच २०१६-१७ मध्ये घालून दिला. त्याआधीच्या हंगामात जेरार्ड गॅलंट या प्रशिक्षकाच्या हाताखाली संघाने १०३ गुण मिळवून आपल्या विभागात पहिला क्रमांक पटकावला होता. कोणत्याही शहाण्या मालकाने अशा वेळी घडी विस्कटू दिली नसती. इथे मात्र त्याच उन्हाळ्यात कार्यालयात फेरबदल झाले, जुन्या जाणत्यांना बाजूला सारून आकडेवारीवर भर देणारी नवी मंडळी पुढे आली, आणि नोव्हेंबर २०१६ मध्ये कॅरोलायनातील एका पराभवानंतर गॅलंटला तडकाफडकी काढून टाकण्यात आले. स्टेडियमबाहेर आपले सामान स्वतः टॅक्सीत ठेवतानाचे त्याचे छायाचित्र प्रसिद्ध झाले आणि ते अनेकांच्या मनात राहिले. पुढच्या वर्षी लीगमध्ये व्हेगास गोल्डन नाइट्स हा नवा संघ आला. त्याला प्रत्येक संघातून एक खेळाडू उचलण्याची मुभा होती. फ्लोरिडाने नुकतेच हंगामात तीस गोल करणाऱ्या जोनाथन मार्शेसोला संरक्षित यादीबाहेर ठेवले, आणि पगाराचा बोजा कमी व्हावा म्हणून राइली स्मिथलाही ड्राफ्टमधील चौथ्या फेरीच्या एका निवडीच्या बदल्यात त्याच संघाच्या हवाली केले. व्हेगासने प्रशिक्षक म्हणून कोणाला नेमले असेल? गॅलंटलाच. तो नवा कोरा संघ पहिल्याच हंगामात अंतिम फेरीत पोहोचला.

या व्यवहाराचे व्याज चुकते व्हायला सहा वर्षे लागली. २०२३ मध्ये फ्लोरिडा अंतिम फेरीत गेला तेव्हा समोर व्हेगासच होता, आणि व्हेगासने मालिका ४-१ अशी जिंकली. निर्णायक सामन्यातील विजयी गोल राइली स्मिथच्या नावावर लागला, तर प्लेऑफमधील सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार मार्शेसोला मिळाला. गॅलंटला तोवर व्हेगासनेही काढून टाकले होते, नाहीतर हिशेब अगदीच तंतोतंत जुळला असता.

सप्टेंबर २०२० मध्ये बिल झिटो महाव्यवस्थापक म्हणून आला. तो आधी खेळाडूंचा प्रतिनिधी होता आणि नंतर कोलंबस संघात सहायक व्यवस्थापक होता. त्याच्या कार्यालयात लुओंगो सल्लागार होता, म्हणजे २००६ मध्ये गमावलेला तोच गोलरक्षक आता टेबलाच्या या बाजूला बसत होता, आणि आकडेवारीच्या बाजूला पूर्वी व्यावसायिक पोकर खेळलेला सनी मेहता होता. आकडेवारीवाले आधीही होतेच. फरक असा, की आधी आकडेवारी आणि खेळ जाणणारी माणसे एकमेकांच्या विरोधात उभी होती, आणि आता ती एकाच खोलीत बसून वाद घालू लागली. निदान बाहेरून निर्णय पाहणाऱ्या माझ्यासारख्याला तरी तसेच दिसते.

त्या निर्णयांचा तपशील मला फार रंजक वाटतो, कारण त्यात खरेदी कमी आणि पारख जास्त आहे. कार्टर व्हरहेगी हा टॅम्पा संघाचा खेळाडू होता. २०२० मध्ये चषक जिंकल्यावर पगारमर्यादेच्या अडचणीत सापडलेल्या टॅम्पाने त्याला करार देऊ केला नाही, आणि फ्लोरिडाने त्याला वर्षाला दहा लाख डॉलरवर घेतले. त्या लीगमध्ये ही रक्कम किमान पगाराहून फार जास्त नाही. २०२२-२३ च्या हंगामात त्याने ४२ गोल केले. गुस्ताव फोर्सलिंग या स्वीडिश बचावपटूला कॅरोलायनाने जानेवारी २०२१ मध्ये वेव्हर्सवर टाकले, म्हणजे ज्याला हवा त्याने फुकट न्यावा असे जाहीर केले. तो फ्लोरिडाने उचलला, आणि आज त्याची गणना लीगमधील उत्तम बचावपटूंत होते. सॅम बेनेट कॅलगरीत चमकला नव्हता, आणि एप्रिल २०२१ मध्ये तो माफक किमतीत मिळाला. त्याच महिन्यात बफेलोहून ब्रँडन माँटूर आला आणि जुलैमध्ये तिथूनच सॅम राइनहार्ट आला, होय, बफेलोने २०१४ मध्ये दुसऱ्या क्रमांकावर निवडलेला तोच राइनहार्ट. एकब्लाड आणि राइनहार्ट एकाच वर्षीच्या ड्राफ्टमधील पहिल्या दोन निवडी, आणि दोघे शेवटी एकाच संघात आले. बफेलोतील हंगामांमध्ये राइनहार्टला प्लेऑफचा एकही सामना खेळता आला नव्हता. २०२३-२४ मध्ये त्याने फ्लोरिडासाठी ५७ गोल केले, त्या वर्षीच्या अंतिम मालिकेतील सातव्या सामन्यात विजयी गोल केला, आणि २०२५ च्या निर्णायक सामन्यात एकट्याने चार गोल केले. माणूस तोच आणि काठीही तीच होती, तेव्हा बफेलोच्या कार्यालयात बसणाऱ्यांनी या गोष्टीचा विचार किती केला असेल, असा प्रश्न मला पडतो.

पण सगळ्यात धाडसाचा निर्णय २०२२ चा होता. त्या हंगामात संघाने १२२ गुण मिळवून संपूर्ण लीगमध्ये पहिला क्रमांक मिळवला. हंगामाच्या सुरुवातीलाच मुख्य प्रशिक्षक जोएल क्वेनव्हिल याला राजीनामा द्यावा लागला होता, आणि त्याच्या जागी आलेल्या अँड्र्यू ब्रुनेटने हे यश मिळवले होते. ह्युबर्डोने ११५ वैयक्तिक गुणांचा (म्हणजे स्वतःचे गोल आणि इतरांच्या गोलांना केलेले साहाय्य मिळून) हंगाम खेळला होता. सव्वीस वर्षांनी प्लेऑफमधील एक मालिकाही जिंकली होती. पुढच्या फेरीत मात्र टॅम्पाने त्यांना सलग चार सामन्यांत गुंडाळले. एवढ्यावर कोणीही म्हणाले असते की, आणखी एक वर्ष थांबू, हा संघ जवळ आला आहे. झिटोने ब्रुनेटला कायम केले नाही, पॉल मॉरिस या अनुभवी पण चषक कधीच न जिंकलेल्या प्रशिक्षकाला आणले, आणि जुलैमध्ये ह्युबर्डो, मॅकेंझी वीगर, आणखी एक तरुण खेळाडू व पहिल्या फेरीची एक निवड कॅलगरीला देऊन मॅथ्यू काचकला घेतले. काचक दणकट, भांडकुदळ, आणि गोलच्या अगदी तोंडाशी उभा राहून मार खाणारा खेळाडू आहे. साखळी सामन्यांत गोलांचा पाऊस पाडणारी शैली प्लेऑफच्या घुसमटीत चालत नाही, हे टॅम्पाने दाखवून दिले होते, आणि झिटोने तो धडा गुणतक्त्यातील पहिल्या क्रमांकापेक्षा अधिक गांभीर्याने घेतला.

मला स्वतःला हा निर्णय तेव्हा घेता आला नसता, आणि मला वाटते बहुतेकांना आला नसता. ज्या वर्षी नफा दिसतो त्या वर्षी ताळेबंदातील दुखणे बोलून दाखवणारा माणूस कोणत्याही वार्षिक सर्वसाधारण सभेत लोकप्रिय होत नाही. पुढच्या हंगामात संघ ९२ गुणांवर घसरला आणि शेवटच्या पात्रता-जागेवर कसाबसा प्लेऑफमध्ये शिरला. टीकाकारांना रान मोकळे मिळाले. पहिल्याच फेरीत समोर ६५ विजय आणि १३५ गुणांचा विक्रम करणारा बोस्टन होता. मालिका ३-१ अशी हातची गेली होती, आणि सातव्या सामन्यात शेवटचा मिनिट उरला असतानाही फ्लोरिडा मागे होता. माँटूरने बरोबरी साधली, आणि जादा वेळेत व्हरहेगीने गोल केला. म्हणजे बफेलोने सोडलेल्या एकाने आणि टॅम्पाने सोडलेल्या दुसऱ्याने. तिथून पुढे काय झाले ते वर आलेच आहे: २०२३ ची हार, २०२४ मध्ये एडमंटनविरुद्ध ३-० अशी आघाडी घेऊन ३-३ पर्यंत घसरल्यावर सातवा सामना २-१ असा जिंकणे, आणि २०२५ मध्ये त्याच एडमंटनला सहा सामन्यांत हरवणे.

फ्लोरिडात राज्याचा प्राप्तिकर नाही, म्हणून खेळाडू तिकडे स्वस्तात येतात, हा आक्षेप आता उत्तरेकडील संघांकडून सतत ऐकू येतो. हातात पडणाऱ्या पगारात फरक पडतो हे खरेच आहे, पण १९९६ ते २०२२ या सव्वीस वर्षांतही तो कर नव्हता आणि सूर्यही तोच होता, याचे उत्तर कोणी देत नाही.

दुसऱ्या एका संघाचा उल्लेख टाळता येणार नाही, कारण 'बुडालेला संघ कसा सावरला' या विषयावर बोलताना अमेरिकेत पहिले उदाहरण त्याचेच दिले जाई. शिकागो ब्लॅकहॉक्सचे मालक बिल वर्ट्झ घरच्या मैदानावरील सामने टीव्हीवर दाखवत नसत, कारण तसे करणे तिकीट काढणाऱ्यांवर अन्याय ठरेल असे त्यांचे मत होते. परिणामी एका पिढीला संघाची ओळखच राहिली नाही. २००७ मध्ये त्यांच्या निधनानंतर मुलगा रॉकी याने सामने दाखवायला सुरुवात केली, जुन्या दिग्गजांना सन्मानाने परत बोलावले, आणि २०१०, २०१३ व २०१५ असे तीन चषक आले. व्यवस्थापनाच्या वर्गात शिकवावी अशी ही गोष्ट होती. मग २०२१ मध्ये चौकशी अहवाल बाहेर आला. २०१० च्या प्लेऑफच्या काळात संघाच्या एका खेळाडूने व्हिडिओ प्रशिक्षकावर लैंगिक अत्याचाराचा आरोप केला होता, वरिष्ठांना तो कळला होता, आणि चषक हाती येईपर्यंत त्यांनी त्यावर काहीच केले नव्हते. लीगने संघाला वीस लाख डॉलर दंड केला. त्या वेळी शिकागोचा प्रशिक्षक क्वेनव्हिल होता, आणि फ्लोरिडातील त्याचा राजीनामा याच प्रकरणातला. त्या तीन चषकांपैकी पहिल्याच्या खाली काय दडवले होते हे कळल्यापासून मी शिकागोची गोष्ट कौतुकाने सांगणे थांबवले आहे.

आपल्याकडील हॉकीची गोष्ट वेगळीच. गवताच्या, आणि आता कृत्रिम पृष्ठभागावरच्या हॉकीची लीग भारतात २०१३ मध्ये सुरू झाली तेव्हा मुंबई मॅजिशियन्स नावाचा संघ होता आणि त्याच्यासाठी रिक चार्ल्सवर्थ यांच्यासारखा जगन्मान्य प्रशिक्षक आणला होता. तरीही तो तळाला राहिला. २०१५ पासून त्याच्या जागी दबंग मुंबई हा संघ उतरू लागला आणि २०१७ मध्ये, अनेक अपयशांनंतर, अंतिम फेरीपर्यंत पोहोचला. तिथे कलिंगा लान्सर्सने ४-१ असे हरवले, आणि मग लीगच बंद पडली. संघ सावरला, पण खेळायला स्पर्धाच उरली नाही. डिसेंबर २०२४ मध्ये लीग पुन्हा सुरू झाली तेव्हा पुरुषांच्या आठ संघांत महाराष्ट्राचा एकही नव्हता. भुसावळच्या रेल्वेच्या मैदानावर हॉकीची काठी धरलेली माणसे आमच्याकडे आहेत, पण त्यांच्या नातवंडांनी कोणत्या संघासाठी ओरडायचे हे कोणी ठरवलेले नाही. फ्लोरिडाकडे २०१४ मध्ये निदान ७,३११ लोक होते आणि त्यांना पुढच्या वर्षीही सामना होणार याची खात्री होती.

पँथर्सच्या ताज्या हिशेबाबद्दल मात्र मला शंका आहे. २०२५ च्या उन्हाळ्यात झिटोने बेनेट आणि एकब्लाड यांना प्रत्येकी आठ वर्षांचे, आणि बोस्टनहून आलेल्या ब्रॅड मार्शंडला सहा वर्षांचे करार दिले. मार्शंड तेव्हा सदतीस वर्षांचा होता, म्हणजे करार संपेल तेव्हा तो त्रेचाळिशीत असेल. टाकून दिलेल्या खेळाडूंना दहा लाखांत उचलणारे हेच कार्यालय आता उतरत्या वयाच्या खेळाडूंना गतवर्षीच्या कामगिरीची किंमत पुढच्या सहा-आठ वर्षांसाठी देत आहे. दीर्घ मुदतीमुळे वार्षिक भार कमी दिसतो आणि आज चषक जिंकणे सोपे जाते, हे त्यामागचे गणित मला समजते. पण ज्या लेखापरीक्षकाने ७,३११ हा आकडा वाचून समाधान मानले असते, त्याने या करारांसमोर लाल शाईने 'तरतूद अपुरी' असा शेरा मारला असता.